ट्रॅक्टरला कुणाचाही रोटाव्हेटर चालतो, मग लॅपटॉपला का नाही?

(पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. कॉम्प्युटरचं नाव पाहून "आपला विषय नाही" म्हणत पुढे सरकू नका. विषय तुमच्या खिशाचा आहे.)

माझ्या भाचीचा लॅपटॉप मेला.

घर यावल तालुक्यात, वडील केळीवाले, पोरगी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. लॅपटॉप घेतला तेव्हा केळीला बरा भाव होता, म्हणून मेहुण्यांनी ५२ हजार मोजले. वॉरंटी दोन वर्षांची. दोन वर्षं दोन महिने झाले आणि एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली, परत आली. आपल्याकडे मे महिन्यात हे काही नवीन नाही. त्यानंतर लॅपटॉप चालू झालाच नाही.

कंपनीच्या अधिकृत सेंटरवर गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी उत्तर तेच मिळालं असतं. काउंटरवरचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, मदरबोर्ड बदलावा लागेल. ३६ हजार."

म्हटलं, "निदान आतला डेटा तरी काढून द्या. पोरीचा प्रोजेक्ट आहे त्यात."

"सर, स्टोरेज बोर्डवरच आहे. बोर्ड बदलला की डेटा गेला."

मग गोलाणी मार्केटमधल्या माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. हा माणूस मायक्रोस्कोपखाली मोहरीएवढे भाग काढतो आणि बसवतो. त्याने बोर्ड काढला, मीटर लावला, दहा मिनिटांत सांगितलं, "काका, चार्जिंगच्या लाइनवर शॉर्ट आहे. भाग शंभर-दोनशे रुपयांचा असेल. पण पुढे व्होल्टेज कुठून कुठे जातं ते बघायला स्किमॅटिक लागतं आणि या मॉडेलचं कुठेच मिळत नाही. अंदाजाने हात घातला तर होतं तेही जाईल."

स्किमॅटिक म्हणजे बोर्डाचा नकाशा. शेत तुमचं, सातबारा तुमच्या नावावर, पण बांध कुठे आणि पाइपलाइन कुठून गेली तो नकाशा मात्र विकणाऱ्याच्या कपाटात. मागितला तर म्हणतो, गुपित आहे. आता बोला!

पोरीने प्रोजेक्टचा अर्धा अहवाल मेलमध्ये सापडलेल्या जुन्या कच्च्या प्रतींवरून जुळवला, उरलेला पुन्हा टाइप केला. लॅपटॉप कपाटात पडून आहे. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, बॅटरी चांगली, बिजागरी चांगली. एक मोहरीचा दाणा गेला म्हणून ५२ हजारांचं अख्खं पोतं फेकायचं.

ही एका पोरीची गोष्ट असती तर घरातच ठेवली असती. पण तुमच्याही कपाटात असा एक लॅपटॉप आहे. खरं सांगा, आहे ना?

■ शेतात जे चालतं ते टेबलावर का चालत नाही

आपण खान्देशी माणसं, तेव्हा उदाहरण शेतातलंच घेऊ. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा, पलटी नांगर गावातल्या वेल्डिंगवाल्याने बनवलेला. तिन्ही जुळतात. कारण ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार अडकवायची रचना आणि पीटीओचा दांडा ठरलेल्या मापाचा आहे. मिनिटाला ५४० फेरे, हे जगभर ठरलेलं. उद्या एखाद्या ट्रॅक्टर कंपनीने सांगितलं की आमच्या ट्रॅक्टरला आमचाच रोटाव्हेटर चालेल आणि तोही वेल्ड करून देऊ, खराब झाला तर ट्रॅक्टरसकट बदला, तर धुळ्याच्या बाजारात त्या डीलरला लोक उभं करतील का?

ठिबकचं घ्या. जळगावने ठिबक देशाला शिकवलं म्हटलं तरी चालेल. १६ एमएमची नळी फुटली तर तालुक्याच्या कुठल्याही दुकानातून जॉइनर आणतो आणि पाच मिनिटांत पाणी सुरू. नळी कुणाची, जॉइनर कुणाचा, कुणी विचारतही नाही.

मोटर जळाली तर वाइंडिंगवाला भरून देतो. तो कुठल्या कंपनीचं सर्टिफिकेट दाखवत नाही आणि आपणही मागत नाही.

मग लॅपटॉपलाच काय सोनं लागलंय?

■ आपल्याकडे हे होतं, आणि आपण ते घालवलं

मी धुळ्यात वीसेक वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी आली तेव्हा क्लासला पोरांची रांग लागायची. त्या क्लासमधला एकही कॉम्प्युटर कंपनीचा नव्हता. सगळे असेंबल. रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं, लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क घ्यायची, कॅबिनेट आणि मॉनिटर इथेच घ्यायचा, आणि रात्री बसून जोडायचं.

ते शक्य झालं ते काही कंपन्यांच्या दानधर्मामुळे नाही. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तो बाजारात मिळणारे भाग वापरून, आणि त्याची तांत्रिक माहितीही छापून दिली. दुसऱ्यांनी तसेच कॉम्प्युटर बनवले, त्यात बसणारी कार्डं बनवली. स्लॉटची मापं सगळ्यांची एक झाली. त्या एका मोकळ्या स्लॉटवर जगभर लाखो दुकानं उभी राहिली. त्यातली शेकडो आपल्या जळगाव-धुळ्यात, शिरपुरात, चाळीसगावात, अमळनेरात. माझं घर त्याच स्लॉटवर चाललं.

रॅम कमी पडली की दुसरी पट्टी लावायची. प्रोसेसर जुना झाला की बोर्ड-प्रोसेसर बदलायचा, कॅबिनेट तेच. माझ्या क्लासमधलं एक कॅबिनेट चार बोर्ड जगलं.

मग लॅपटॉप आले. सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये रॅम निघायची, हार्डडिस्क निघायची, बॅटरी तर खटका दाबला की हातात. नंतर पातळपणाची स्पर्धा लागली. २०१२ मध्ये ॲपलने रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डवर कायमची डकवली, बॅटरी आत चिकटवली. तेव्हा आपण हसलो, म्हटलं श्रीमंतांचे चोचले. आज चाळीस-पन्नास हजारांच्या कितीतरी लॅपटॉपमध्ये तेच आहे. श्रीमंताचा चोचला गरिबाच्या गळ्यात कधी पडला ते कळलंच नाही.

आणि आपण? दुकानात गेल्यावर विचारतो, प्रोसेसर कोणता, रॅम किती, बॅग फुकट आहे का? "उघडतो का?" हे कुणी विचारत नाही.

■ दिवाळीत पाहिलेली गोष्ट

माझा पुतण्या जर्मनीत नोकरी करतो. दिवाळीला आला तेव्हा एक लॅपटॉप घेऊन आला. जाडजूड, काळा, जवळपास चार सेंटीमीटर जाडीचा. आई म्हणाली, "हा काय रे, पाटाखालचा डबा?"

नाव एमएनटी रिफॉर्म. बर्लिनमधली एक छोटी कंपनी बनवते. २०२० मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून तिने तो बाजारात आणला. खासियत अशी की बोर्डाचा नकाशा, कीबोर्डचा नकाशा, बॉडीचे आराखडे, सगळं मोकळं. कुणीही उतरवून घ्यावं, बदलावं, बनवून विकावं, फक्त केलेले बदल तसेच मोकळे ठेवावेत. आतल्या बॅटऱ्या म्हणजे गोल आठ सेल, टॉर्चमध्ये घालतो तसे एकेक काढता येणारे. पाठीमागचं झाकण पारदर्शक. आत काय आहे ते लपवायचंच नाही, असा कारभार.

पण मला थक्क केलं ते वेगळ्याच गोष्टीने. या लॅपटॉपचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम, मुख्य बोर्डवर डकवलेला नाही. तो एका छोट्या पट्टीवर आहे आणि ती पट्टी स्लॉटमध्ये बसते. या पट्टीला कॉम्प्युट मॉड्यूल म्हणतात. पहिल्या मॉडेलमधलं मॉड्यूल एनएक्सपी कंपनीच्या चिपचं होतं, चार जीबी रॅमचं. खरं सांगायचं तर मंद होतं, व्हिडिओ अडखळायचा.

पुतण्याने नवीन मॉड्यूल आणलं होतं, आणि ते लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचं नव्हतं. चीनमधल्या दुसऱ्याच कंपनीचं. नाव ऐका: बनाना पाय! केळीच्या जिल्ह्यात केळीच्या नावाचं मॉड्यूल. मेहुणे म्हणाले, "भो, याला तरी भाव काय मिळतो?" घरात हशा.

जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. पाठीमागचे स्क्रू काढले, बॅटरी सोडवली, जुनं मॉड्यूल उचललं. नवीन मॉड्यूलचं माप वेगळं, म्हणून मध्ये एक अडॅप्टर बोर्ड, एका बाजूने लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये बसणारा आणि दुसऱ्या बाजूला केळीबाई. चालू केलं तर स्क्रीन काळी. दहा मिनिटं सगळे गप्प. मग लक्षात आलं, मेमरी कार्डवरची सिस्टिम जुन्या प्रोसेसरची आहे. नव्याची कार्डवर चढवली आणि लॅपटॉप उठला. सगळं मिळून दीड तास, त्यातला अर्धा तास टेबलाखाली पडलेला स्क्रू शोधण्यात.

रॅम तेवढीच, चार जीबी. पण प्रोसेसर बराच चपळ. अडखळणारा व्हिडिओ नीट चालला. स्क्रीन तीच, कीबोर्ड तोच, बॅटरी तीच, बॉडी तीच. पुतण्या म्हणाला, याच्याही वरचं मॉड्यूल मिळतं, आरके३५८८ चिपचं, १६ किंवा ३२ जीबी रॅमचं, त्याच स्लॉटमध्ये बसणारं. लॅपटॉप २०२०च्या रचनेचा आणि मेंदू त्यानंतर आलेल्या चिपचा. अगदी माझ्या क्लासमधल्या त्या कॅबिनेटसारखं.

शेजारी भाची बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "मामा, माझा असा का नाही?"

ही पोस्ट त्या प्रश्नासाठी आहे.

■ दुसऱ्याचं मॉड्यूल बसतं, याचा अर्थ काय

हे नीट समजून घ्या, सगळा मुद्दा इथेच आहे.

२०२० मध्ये रास्पबेरी पाय या ब्रिटिश कंपनीने कॉम्प्युट मॉड्यूल ४ काढलं. खाली शंभर-शंभर पिनांचे दोन कनेक्टर. कुठली पिन कशासाठी, याची माहिती जाहीर. लगेच दुसऱ्या कंपन्यांनी त्याच मापाची, त्याच पिनांची मॉड्यूलं काढली: बनाना पाय, ऑरेंज पाय, रॅडक्सा, पाइन६४. कुठल्या सरकारने सक्ती केली नव्हती. माप कळलं म्हणून बाजार उभा राहिला. आपल्या १६ एमएमच्या नळीसारखंच.

म्हणून बर्लिनच्या छोट्या कंपनीला स्वतः चिप बनवावी लागली नाही. तिने स्लॉट मोकळा ठेवला आणि अडॅप्टर बनवला, मेंदू बाकीचे देतात. उद्या त्यातली एखादी कंपनी बुडाली तरी ग्राहक बुडत नाही, दुसरीचं मॉड्यूल आहेच.

अमेरिकेत फ्रेमवर्क नावाची कंपनी आहे, २०२० मध्ये निरव पटेल यांनी सुरू केलेली. तिचे लॅपटॉप पातळ आहेत, दिसायला तुमच्या-माझ्या लॅपटॉपसारखेच. पण अख्खा बोर्ड काढून त्याच बॉडीत पुढच्या पिढीचा बोर्ड बसतो. डीपकम्प्युटिंग या वेगळ्याच कंपनीने त्या बॉडीत बसणारा बोर्ड काढला, तोही इंटेल-एएमडीचा नाही, रिस्क-फाइव्ह या मोकळ्या रचनेचा. म्हणजे हा जाड्या डब्यापुरता हौशी उद्योग नाही. पातळ लॅपटॉपमध्येही जमतं. करायचं ठरवलं तर.

■ आता हरकती घेऊ

माझी पोस्ट वाचून काय म्हटलं जाईल ते मला ठाऊक आहे.

"हे महाग आहे." आहे. रिफॉर्म घ्यायचा तर लाखाच्या वर जातो. भाचीला तो घ्या असं मी म्हणत नाहीच. हजारांच्या संख्येने बनणारी वस्तू लाखांच्या संख्येने बनणाऱ्या वस्तूपेक्षा महागच पडणार. पण महाग स्लॉट नाही, कमी संख्या महाग आहे. स्लॉटचा कनेक्टर काही लाखाचा नसतो. आणि हिशेब नीट करा: ५२ हजारांचा लॅपटॉप सव्वादोन वर्षांत मेला, तर महिन्याला दोन हजार पडले. याला स्वस्त म्हणायचं?

"डकवलेली रॅम वेगवान असते." काही बाबतीत खरं आहे. रॅम प्रोसेसरच्या जवळ डकवली तर वेग जास्त आणि वीज कमी. ज्या फ्रेमवर्कचं मी कौतुक केलं, तिनेही २०२५ मध्ये जाहीर केलेल्या डेस्कटॉपमध्ये एका एएमडी चिपसाठी रॅम डकवली आणि तसं उघड सांगितलं. पण याच अडचणीवर उद्योगाने उत्तरही शोधलंय. स्क्रूने बसणाऱ्या नव्या पट्टीचं, कॅम-दोनचं, माप २०२३च्या डिसेंबरात ठरलं आणि २०२४ मध्ये त्याच घराण्यातल्या पट्टीचा लिनोव्होचा थिंकपॅड बाजारातही आला. म्हणजे तांत्रिक अडचण सुटत चाललीय. आणि भाचीला पीडीएफ उघडायला, कोड लिहायला आणि सिनेमा बघायला तो जादा वेग लागतोच कशाला?

"मॉड्यूल तर चिनीच." बरोबर. पण आज तुमच्या लॅपटॉपमध्ये आत काय आहे? फरक एवढाच की डकवलेला चिनी भाग कायमचा आणि स्लॉटमधला उद्या काढता येणारा. आपली सी-डॅक 'वेगा' प्रोसेसर बनवते, आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आहे. आज ते लॅपटॉपचं काम ओढण्याइतके तगडे नाहीत, हे मान्य. पण ज्या दिवशी होतील त्या दिवशी बसवणार कुठे? दाराला कडीच नसेल तर पाहुणा कितीही चांगला असो, आत येणार कसा? स्वदेशीच्या नुसत्या घोषणा देऊन काय उपयोग? आधी स्लॉट मागा.

"सामान्य माणूस कशाला उघडेल?" नाही उघडणार. मीही मोटर स्वतः भरत नाही. वाइंडिंगवाला भरतो. लढा त्याच्यासाठीच आहे. नकाशा आणि सुटा भाग मिळाला तर गोलाणीतला माणूस दोन हजारांत पोरीचं वर्ष वाचवतो. नाही मिळाला तर त्याचं दुकान बंद पडतं आणि आपल्याला एकच दार उरतं, ३६ हजारवालं.

आणि मोकळ्या हार्डवेअरमध्ये सगळं गोड आहे असंही नाही. मॉड्यूल बदललं की कधी एखादी सोय नीट चालत नाही, प्रत्येक मॉड्यूलला वेगळी सिस्टिम चढवावी लागते, लिनक्सची ओळख लागते. काळी स्क्रीन मी स्वतः पाहिली. पण त्या काळ्या स्क्रीनचं कारण दहा मिनिटांत सापडलं, कारण माहिती लपवलेली नव्हती. पोरीच्या लॅपटॉपच्या काळ्या स्क्रीनचं कारण आजपर्यंत सापडलं नाही.

■ सरकार काय करतंय

काहीच नाही असं म्हणणार नाही. २०२२च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी त्यावर दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा. अपेक्षा! सक्ती नाही. नंतर वस्तू किती दुरुस्त होण्यासारखी आहे याचा निर्देशांक ठरवायला दुसरी समिती बसली. तिचा अहवाल २०२५च्या मे महिन्यात आला. सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून. लॅपटॉप रांगेत मागे.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीच्या पाटीशेजारी दहापैकी गुण लावावे लागतात. कागदपत्रं मिळतात का, उघडायला सोपं आहे का, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, याचे गुण. दुकानात गिऱ्हाईक बघतं, याला आठ, त्याला पाच. आपल्या दुकानात काय दिसतं? "बिग सेल" आणि बॅग फुकट.

वर १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. पुढची विंडोज जुन्या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही. गावोगावच्या शाळांत आणि कार्यालयांत धडधाकट मशीन एका तारखेला कागदोपत्री म्हातारी झाली. आणि २०२५च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. ज्याचा स्लॉट मोकळा आहे तो आज आठ जीबीवर भागवेल आणि भाव उतरल्यावर पट्टी वाढवेल. डकवलेल्या रॅमवाल्याने मात्र आयुष्यभराची रॅम आजच्या भावाने घ्यायची. म्हणजे आठ वर्षांनी लागणारं खत आजच गोण्या भरून घेऊन ठेवा!

■ आपण आधीही एकदा चुकलोय

मोकळं हार्डवेअर ही युरोपची फॅशन आहे असं समजू नका. २००१ मध्ये बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि काही अभियंते यांनी 'सिंप्युटर' नावाचा हातात मावणारा कॉम्प्युटर बनवला. गरिबासाठी, गावासाठी, आणि त्याच्या हार्डवेअरचा परवानाही मोकळा! बर्लिनच्या वीस वर्षं आधी आपण हे करून बसलो होतो. जगभर कौतुक झालं. विक्री काही हजारांत अडकली.

२००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट गावच्या शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले, 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेचे. ते मुलांनीच उघडावेत अशा बेताने बनवले होते, जादाचे स्क्रू हँडलच्या आत ठेवून. तो प्रयोगही राज्यभर पसरला नाही.

दोन्हींची कारणं अनेक आहेत, किंमत, मोबाइलची लाट वगैरे. पण एक कारण मला ढळढळीत दिसतं. टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते, मोठ्या संख्येने विकत घेणारा कुणी नव्हता. आणि या देशात मोठ्या संख्येने विकत घेणारा कोण? सरकार. म्हणजे तुमच्या-माझ्या कराचा पैसा.

■ म्हणून मागणी एकच: निविदेत पाच ओळी लिहा

जिल्हा परिषदेच्या शाळा, आश्रमशाळा, सरकारी कार्यालयं, आयटीआय, पॉलिटेक्निक, अनुदानित कॉलेजं, आमदार-खासदार निधीतून दिलेले संगणक, जिल्हा नियोजन समितीच्या पैशातली डिजिटल वर्गखोली. जळगाव आणि धुळे जिल्ह्यात जिथे जिथे जनतेच्या पैशाने कॉम्प्युटर येतो तिथे खरेदीच्या अटींमध्ये या ओळी हव्यात:

१. रॅम आणि एसएसडी सुटी निघाली पाहिजे. बोर्डवर डकवलेली चालणार नाही.
२. बॅटरी साध्या स्क्रूड्रायव्हरने बदलता आली पाहिजे.
३. सुटे भाग किमान सात वर्षं मिळतील आणि त्यांची किंमत आजच लिहून द्यायची.
४. बोर्डाचं स्किमॅटिक आणि दुरुस्तीची पुस्तिका खरेदीदाराला द्यायची. तो स्थानिक दुरुस्तीवाल्याला दाखवू शकेल.
५. इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकच्या निदान एका प्रयोगशाळेत मॉड्यूल बदलता येणारी, मोकळ्या नकाशाची मशीन हवीत.

पाचवी ओळ चैन नाही. रिफॉर्मचे नकाशे किकॅड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं 'ई-सिम' हे साधन त्याच किकॅडच्या जोडीने चालतं. म्हणजे आपल्या पोरांना साधन मोफत, नकाशा मोफत. फक्त हातात धरायला मशीन नाही. बोर्डवर झाकण ठेवून इलेक्ट्रॉनिक्स शिकवणं म्हणजे विहिरीला कुलूप लावून पोहणं शिकवणं. तो अडॅप्टर बोर्ड आठवा. तसा बोर्ड आखणं इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाच्या चांगल्या गटाच्या आवाक्यातलं काम आहे. बर्लिनला जमतं ते बांभोरीला आणि शिरपूरला का जमू नये?

पाच ओळी लिहायला पैसे लागत नाहीत. मोठी खरेदी करणारा ठाम राहिला तर कंपनी आपोआप वाकते. अशी मॉडेल आजही त्याच कंपन्यांच्या यादीत असतात, कार्यालयांसाठी बनवलेल्या जरा जाड लॅपटॉपमध्ये. विचारलं तर देतात. आपण विचारतच नाही.

ज्यांना निविदेशी देणंघेणं नाही त्यांनी निदान दुकानात एवढं करा. पुढचा लॅपटॉप घेताना तीन प्रश्न विचारा: रॅम निघते का? एसएसडी निघते का? बॅटरी कितीला आणि कुठे मिळते? दुकानदार "बघून सांगतो" म्हणाला तर तिथेच थांबा, त्याला बघू द्या. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्या वेळी तो स्वतःहून सांगेल.

आणि कपाटातला मेलेला लॅपटॉप भंगारात देण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा. त्याचा डोनर बोर्ड म्हणून उपयोग झाला तर दुसऱ्या कुणाच्या पोरीचा प्रोजेक्ट वाचेल.

भाचीचा लॅपटॉप मी विकला नाही. गोलाणीतल्या त्या माणसाला सांगून ठेवलंय, नकाशा कुठे मिळाला तर फोन कर. पोरगी सध्या माझ्या क्लासमधला जुना असेंबल पीसी वापरते. कॅबिनेट २००६ सालचं आहे. परवा त्यात तिनेच एसएसडी बसवली.

बाजू उघडली, जुनी हार्डडिस्क काढली, नवी लावली, बाजू बंद केली. दहा मिनिटं. कुणाची परवानगी लागली नाही.

पटलं तर पुढे पाठवा. विशेषतः तुमच्या ओळखीत खरेदी समितीवर कुणी असेल तर त्यांना.

#दुरुस्तीचाहक्क #स्लॉटमोकळाठेवा #खान्देश